होमस्कूलिंग: दहावीपासून कॉलेजच्या खिडकीपर्यंत

मूल बारा वर्षांचं होईपर्यंत होमस्कूलिंगमध्ये बोलायचं असतं ते शिकण्याबद्दल. काय वाचावं, किती खेळावं, गणित कंटाळवाणं झालं तर काय करावं. तेराव्या-चौदाव्या वर्षी विषय बदलतो. आता बोलावं लागतं ते तारखा, दाखले, विषयांचे क्रमांक आणि परीक्षा केंद्र यांबद्दल. अडचण अशी की, घरी शिकवायला ज्यांना आवडतं त्यांना नेमकं हेच आवडत नाही. त्यामुळे अभ्यास उत्तम झालेला असतो आणि प्रवेश मात्र एखाद्या कागदापायी लटकतो.

यावर एकच उपाय खात्रीचा आहे: नियोजन उलट्या दिशेने करायचं. कागदाच्या तळाशी मुलाला जिथे जायचं आहे तो अभ्यासक्रम लिहा. त्याच्या वर त्याची प्रवेश परीक्षा, त्याच्या वर बारावीचे विषय, त्याच्या वर दहावीचे विषय आणि अगदी वर आजची तारीख. मुलाचं अजून ठरलं नसेल (चौदाव्या वर्षी ठरलेलं नसणं हेच बरं) तर दोन-तीन शक्यता शेजारी शेजारी लिहा आणि सगळ्यांत सामाईक असतील ते विषय दहावीला घ्या. बहुतेक कागदांवर उत्तर सारखंच येतं: इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि मराठी.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. आपण बोलतोय ते वय त्याच्या पलीकडचं. इथून पुढे ‘शाळेत का जात नाही’ हे कोणी विचारत नाही, ‘मार्कशीट कुठल्या बोर्डाची’ एवढंच विचारतात.

तर बोर्ड. महाराष्ट्रात घरी शिकणाऱ्यासमोर तीन रस्ते आहेत आणि तिघांचे खड्डे वेगवेगळे.

पहिला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावी-बारावी देण्याचा हा जुना, सगळ्यांच्या ओळखीचा मार्ग. ऑनलाइन अर्ज भरायचा, संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडायची आणि मूळ शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी अर्जाची मुदत कित्येक महिने आधी संपते, त्यामुळे दिवाळीत जाग आलेल्यांना विलंब शुल्क भरावं लागतं किंवा वर्षच जातं. फायदा मोठा आहे: मार्कशीट राज्य मंडळाची, पुढे अकरावीला कोणी भुवया उंचावत नाही. तोटा असा की, जे मूल शाळेत कधी गेलंच नाही त्याच्याकडे दाखला नसतो आणि गाडी तिथेच अडते. शिवाय विज्ञान शाखेची बारावी करायची तर प्रात्यक्षिकांमुळे हा रस्ता उपयोगाचा नाही; तो मुख्यतः कला आणि वाणिज्यवाल्यांचा.

दुसरा केंब्रिजचा आयजीसीएसई (दहावीच्या तोडीचा) आणि पुढे ए लेव्हल (बारावीच्या तोडीचा), खासगी उमेदवार म्हणून. अभ्यासक्रम सुरेख, विषय एकेक करून देता येतात, भारतात मार्च, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा तीन खिडक्या. आयजीसीएसईच्या विज्ञान विषयांना प्रयोगशाळेऐवजी लेखी पर्यायी पेपर निवडता येतो, ही घरी शिकणाऱ्यांची मोठी सोय. ए लेव्हलच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्राला मात्र प्रत्यक्ष प्रयोग द्यावाच लागतो, आणि खासगी उमेदवाराला प्रयोगशाळा देणारं केंद्र शोधणं हे स्वतंत्र काम आहे. परदेशी जायचं पक्कं असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर हा रस्ता जरूर घ्या. भारतातच राहायचं असेल तर समकक्षतेचे नियम, विषयांची संख्या आणि ग्रेड आधी वाचा, मग पैसे भरा.

तिसरा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ साली नॅशनल ओपन स्कूल या नावाने सुरू झाली, २००२ मध्ये आजचं नाव मिळालं. मुख्यालय नोएडाला, महाराष्ट्रासाठी प्रादेशिक केंद्र पुण्यात. होमस्कूलिंगवाली बहुतेक घरं शेवटी इथेच येतात, म्हणून पुढचं सगळं याच धाग्याने.

एनआयओएसचं गणित

दहावीच्या प्रवेशाला १४ वर्षं पूर्ण हवीत, बारावीच्या प्रवेशाला १५. परीक्षा वर्षातून दोनदा: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. किमान पाच विषय, त्यांत निदान एक भाषा. वर आणखी दोन घेता येतात. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के, पण लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत वेगवेगळे. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात. विषय एकदम द्यायची सक्ती नाही. दोन आत्ता, तीन सहा महिन्यांनी, असं चालतं.

ही लवचिकता म्हणजे वरदान, आणि घोळाचं मूळही तीच. शाळेतल्या मुलाच्या परीक्षेचा अर्ज शाळा भरते. इथे प्रवेश शुल्क भरलं म्हणजे परीक्षेला बसण्याची सोय झाली असं समजून लोक निवांत राहतात. परीक्षा शुल्क वेगळं असतं, त्याची खिडकी परीक्षेच्या काही महिने आधी उघडते आणि बंद होते. कोणी फोन करून आठवण देत नाही. पोर्टलवर आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, लॉगिन करायची सवय लावून घ्या. नोंदणी करताना दिलेला मोबाइल नंबर आणि ईमेल पाच वर्षं चालू राहील असाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल घालून मोकळं झालेल्यांना पुढे ओटीपीसाठी त्याच्या दाराशी उभं राहावं लागतं.

विषय निवडताना नावांपेक्षा क्रमांक बघा, कारण अर्जात आणि हॉल तिकिटावर चूक सापडते ती क्रमांकाने. दहावीला मराठी २०४, इंग्रजी २०२, गणित २११, विज्ञान व तंत्रज्ञान २१२, सामाजिक शास्त्र २१३. बारावीला इंग्रजी ३०२, गणित ३११, भौतिकशास्त्र ३१२, रसायनशास्त्र ३१३, जीवशास्त्र ३१४, अर्थशास्त्र ३१८, लेखाशास्त्र ३२०, मानसशास्त्र ३२८, संगणकशास्त्र ३३०. दहावीला गणित टाळून गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असा सोपा गुच्छ बांधता येतो आणि कायदेशीरदृष्ट्या ती दहावीच असते. पण पंधराव्या वर्षी मुलाला पॉलिटेक्निकला किंवा अकरावी विज्ञानाला जावंसं वाटलं तर तीच मार्कशीट आडवी येते. गणित आवडत नसलं तरी घ्यावं, ३३ टक्क्यांचं तर घ्यावं. याबाबत आमचं मत ठाम आहे.

टीएमए म्हणजे ट्यूटर मार्क्ड असाइनमेंट. प्रत्येक विषयाची एक, २० गुणांची, सहा प्रश्न: पहिले तीन दोन-दोन गुणांचे, पुढचे दोन चार-चारचे आणि सहावा सहा गुणांचा, प्रकल्पाच्या स्वरूपाचा. लेखी परीक्षेच्या गुणांत याचं वजन २० टक्के. तीत नापास होण्याचा प्रश्न नाही, म्हणून लोक ती देतच नाहीत, आणि मग निकालात पाऊणशे टक्के हवे असताना सत्तर येतात. हातात आलेले, घरी बसून पुस्तक उघडं ठेवून मिळणारे हे गुण सोडणं म्हणजे शुद्ध आळस. अभ्यासक्रमही आता दोन भागांत विभागलेला आहे: साधारण ४० टक्के आशय फक्त टीएमएसाठी आणि ६० टक्के सार्वजनिक परीक्षेसाठी. कुठला धडा कुठल्या भागात ते विषयवार संस्थेच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. पुस्तक हातात आल्यावर पहिलं काम हेच: अनुक्रमणिकेवर दोन रंगांच्या खुणा. हे न केलेली मुलं परीक्षेत न येणारे धडे रात्री जागून पाठ करतात.

दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचं अंतर अपेक्षित असतं. त्याआधी बारावीचे विषय देता येतात, पण सगळे नाही, चारपर्यंतच. याचा चांगला उपयोग करता येतो. समजा दहावी एप्रिल २०२६ मध्ये झाली. मग इंग्रजी आणि पाचवा विषय (संगणकशास्त्र, डेटा एंट्री, मानसशास्त्र, जे असेल ते) २०२७ मध्ये उरकून टाकायचे आणि भौतिक, रसायन, गणित हे तीन एप्रिल २०२८ मध्ये एकत्र द्यायचे. शेवटच्या वर्षी हातात तीनच विषय उरतात. शाळा-कॉलेजातल्या मुलाला ही चैन मिळत नाही.

पण ज्यांचं लक्ष आयआयटीवर आहे त्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते आणि मोजणी भौतिक-रसायन-गणित घेऊन बारावीला पहिल्यांदा बसल्याच्या वर्षापासून होते. म्हणून भौतिक-रसायन-गणितातला एखादा विषय ‘अनुभव म्हणून’ वर्षभर आधी देऊन बघण्याचा मोह आवरावा. तिन्ही एकाच वर्षी.

सत्र कुठलं घ्यावं यावर दोन मतं ऐकू येतात. एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल कधी जूनअखेर, कधी जुलैत येतो. तोवर अकरावीच्या किंवा पदवीच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात आणि घरात सगळ्यांचा रक्तदाब वाढतो. ऑक्टोबरला परीक्षा दिली तर निकाल नव्या वर्षाच्या आसपास हातात असतो आणि पुढचे महिने फक्त प्रवेश परीक्षेसाठी मोकळे. पण मार्कशीटवर साल आदल्या वर्षाचं छापलं जातं आणि जेईईच्या संधी त्या सालापासून मोजल्या जातात. आमचा कौल असा: आयआयटी डोळ्यांसमोर असेल तर एप्रिल, नसेल तर ऑक्टोबर.

अभ्यासकेंद्र कुठल्या राज्यात, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा

अर्ज भरताना जवळचं अभ्यासकेंद्र निवडावं असं साहजिक वाटतं. सावंतवाडीच्या माणसाला पणजी जवळ, चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ. पण महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांत ‘महाराष्ट्र राज्य उमेदवार’ ठरण्याचा सगळ्यांत सरळ निकष म्हणजे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून उत्तीर्ण असणं आणि सोबत डोमिसाइल (अधिवासाचा दाखला). अभियांत्रिकीला यातून वाट निघते, कारण उमेदवाराचं किंवा आई-वडिलांपैकी एकाचं डोमिसाइल असेल तर दुसऱ्या प्रकारात बसता येतं. वैद्यकीयच्या राज्य कोट्यात मात्र दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच हवी, हा नियम कडक आहे. तेव्हा दोन तास जास्त प्रवास झाला तरी केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या, आणि दहावीलाच घ्या. बारावीला सुधारून उपयोग नाही.

डोमिसाइल ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतं. रहिवासाचे पुरावे मागताना कार्यालयं शाळेचा दाखला मागतात, कारण त्यांच्या दृष्टीने मूल म्हणजे शाळेत जाणारं मूल. घरी शिकलेल्याच्या बाबतीत जन्मदाखला, रेशनकार्ड, वीजबिलं, पालकांचा दाखला अशी जुळवाजुळव करावी लागते. एका खेपेत होत नाही. म्हणून निकालाच्या आठवड्यात रांगेत उभं राहण्यापेक्षा दहावी झाल्या झाल्या सुरुवात करा.

राखीव प्रवर्गातल्या घरांनी जात पडताळणीकडे तर आणखी आधी वळावं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा तर व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र लागतं. कॉलेजातली मुलं बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करतात. मुक्त विद्यालयाच्या उमेदवारामागे तसं कॉलेज उभं नसतं. अर्ज कोणाच्या सही-शिक्क्याने जाणार, हे जात पडताळणी समितीच्या जिल्हा कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा आणि अभ्यासकेंद्राच्या प्रमुखांशी त्याबद्दल आधी बोलून ठेवा. पुरावे म्हणून वडिलांचे, काकांचे, आजोबांचे शाळेचे दाखले लागतात. गावच्या जिल्हा परिषद शाळेतून आजोबांच्या नोंदीचा उतारा काढायला उन्हाळ्याची सुट्टी बरी नाही, कारण शाळा बंद असते.

आणि नाव. जन्मदाखल्यावर ‘ऋतुजा’चं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, एनआयओएसच्या अर्जात तिसरं. वडिलांचं नाव मधलं की आडनावानंतरचं, आईचं नाव माहेरचं की सासरचं. दहावीच्या मार्कशीटवर जे छापलं जाईल तेच पुढे आयुष्यभर मूळ धरलं जातं. त्यामुळे दहावीचा अर्ज भरण्याआधी आधार आणि जन्मदाखला एकमेकांशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. नंतरची दुरुस्ती होते, पण ती करताना मूल निम्मं म्हातारं होतं.

एकाच विषयाची तीन पुस्तकं

घरी अभ्यास नीट होऊनही प्रवेश परीक्षेत गुण का कमी पडतात, याचं कारण बहुतेकदा इथे असतं. एनआयओएसचं भौतिकशास्त्राचं पुस्तक एनआयओएसच्या परीक्षेसाठी आहे. नीट आणि जेईईची भाषा एनसीईआरटीच्या पुस्तकांची. एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर, म्हणजे बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांवर बेतलेली. धडे तेच, पण संज्ञा, उदाहरणं आणि खोली वेगळी. तिन्ही पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात.

तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची नाहीत. एक कणा ठरवायचा. नीट द्यायची असेल तर एनसीईआरटी कणा, आणि बोर्डाच्या परीक्षेआधी सहा ते आठ आठवडे एनआयओएसचं पुस्तक व जुन्या प्रश्नपत्रिका. सीईटीच मुख्य असेल तर बालभारती कणा. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या भागावर असतात आणि ८० टक्के बारावीच्या. अकरावी नावाचं वर्ष घरी वेगळं जगलेलंच नसल्याने तो पाचवा हिस्सा हातून सहज निसटतो. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनचे पन्नास-पन्नास एकेक गुणाचे, एकूण २००, चुकीला वजावट नाही. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीट याच्या उलट: १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला चार, चुकीला वजा एक, आणि ओएमआर कागदावर पेनने गोल काळे करायचे. दोन्ही परीक्षांचा सराव एकाच मनोवृत्तीने केला तर एकीत तरी फटका बसतोच.

नीटसाठी आणखी दोन गोष्टी. मुक्त विद्यालयाची मुलं नीटला चालतात का हा वाद अनेक वर्षं कोर्टात होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो विषय मिटला. मुलं पात्र आहेत. कोणी जुन्या माहितीवर नाही म्हणत असेल तर ऐकू नका. दुसरं, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. हुशार मुलीची दहावी चौदाव्या आणि बारावी सोळाव्या वर्षी करून घेतलीत तरी डॉक्टरकीचा दरवाजा वयाच्या आधी उघडत नाही. बारावीला इंग्रजीही असायलाच हवं.

जेईई मेनवरून एनआयटीत जायचं तर बारावीला ७५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव. टक्केवारी पाच विषयांवर मोजतात, म्हणजे ‘कसाही निघेल’ म्हणून घेतलेला पाचवा विषय इथे वचपा काढतो. राज्यातल्या अभियांत्रिकीला ४५ टक्क्यांची अट (राखीवला ४०), ती सहसा अडत नाही.

इंजिनियर-डॉक्टरच्या पलीकडे बघणाऱ्यांसाठी रस्ता जास्त मोकळा आहे. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी २०२२ पासून आहे आणि एनआयओएस तिला चालतं. सीएच्या फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतर करून ठेवता येते, परीक्षा बारावीनंतर. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम घरी शिकायची सवय असलेल्या मुलांना विशेष मानवतो: चार आठवड्यांचा पात्रता अभ्यास, मग परीक्षा, आणि ती उत्तीर्ण झाला तर प्रवेश. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं. पुन्हा तेच, गणित २११.

प्रात्यक्षिकं

एनआयओएसची प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी होते. अभ्यासकेंद्रात संपर्क वर्ग असतात, पण काही केंद्रांत ते कागदावरच. केंद्र निवडण्याआधी जाऊन प्रयोगशाळा बघा. ब्युरेटच्या तोट्यांवर धूळ असेल तर समजून जा.

घरी पूर्ण प्रयोगशाळा उभारायची गरज नाही. भौतिकसाठी व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, काही रोध आणि १० ते २० सेंटिमीटर नाभीय अंतराची दोन बहिर्वक्र भिंगं एवढ्यावर निम्मे प्रयोग निघतात. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक सामान मिळतं. व्हर्नियरचं लघुतम माप ०.०१ सेंमी, स्क्रू गेजचं ०.०१ मिमी, मुलं एकक बदलताना इथे हमखास दहाचा घोळ घालतात. दुसरी चूक शून्यांक त्रुटीची: धन त्रुटी वजा करायची, ऋण मिळवायची, आणि माप घेण्याआधी ती तपासायची, शेवटी नाही.

रसायनशास्त्राची आम्लं घरात आणू नका. पण ५० मिलीची ब्युरेट आणि १० मिलीची पिपेट आणून नुसत्या पाण्यावर सराव करता येतो: तोटी डाव्या हाताने धरून, एकेक थेंब सोडत, डोळा पातळीच्या रेषेत ठेवून वाचन. हात बसायला आठवडाभर, रोज पंधरा मिनिटं. पोटॅशियम परमँगनेटचं ऑक्झॅलिक आम्लाबरोबरचं अनुमापन केंद्रात करताना दोन ठिकाणी मुलं फसतात. फ्लास्कमधलं द्रावण साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम केलेलं नसेल तर सुरुवातीला रंग जातच नाही आणि अंतिम बिंदू आला असं वाटून वाचन फार कमी येतं. आणि परमँगनेट इतकं गडद असतं की वक्रपृष्ठाचा तळ दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवर घ्यायचं. नेहमीच्या सवयीने खालची कडा शोधणारा विद्यार्थी परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो. पुण्यात असाल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेचे कार्यक्रम बघत राहा. परीक्षेसाठी नव्हे, विज्ञानाची चव टिकावी म्हणून.

लिहिण्याचा सराव हेही प्रात्यक्षिकच आहे. घरी शिकणारी मुलं खूप वाचतात, छान बोलतात, टाइप करतात, पण सलग तीन तास पेनने लिहीत नाहीत. परीक्षेत दोन तासांनंतर हात भरून येतो आणि शेवटचे वीस-पंचवीस गुणांचे प्रश्न अर्धवट राहतात. परीक्षेच्या चार महिने आधी आठवड्याला एक पूर्ण पेपर, तोही घरातल्या आवडत्या कोपऱ्यात नव्हे तर टेबल-खुर्चीवर, मधे न उठता. ग्रंथालयाची अभ्यासिका मिळाली तर उत्तम. शेजारी अनोळखी माणसं असणं, कोणीतरी खोकणं, पंख्याचा आवाज, हे सगळं परीक्षेचाच भाग आहे.

परदेशी अर्ज करणाऱ्यांसाठी थोडं. अमेरिकेतली कॉलेजं नववी ते बारावी अशी चार वर्षांची ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि ग्रेडचा तक्ता) मागतात आणि होमस्कूलिंगमध्ये ती पालकांनी तयार केलेली चालते. एका पानावर विषयाचं नाव, वर्ष, ग्रेड आणि क्रेडिट. साधारण १२० तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट धरायची तिकडची रीत आहे. सोबत प्रत्येक विषयाचं चार-पाच ओळींचं वर्णन: कुठली पुस्तकं, कुठले प्रयोग, मूल्यमापन कसं. हे बारावीच्या ऑक्टोबरात आठवून लिहायला बसलात तर फसाल; नववीपासून दर महिन्याच्या शेवटी वहीत नोंद ठेवा. समुपदेशकाच्या जागी पालकच अर्ज भरतात, पण शिक्षकाची शिफारसपत्रं घराबाहेरच्या माणसाची हवीत. मुलाने निदान दोन विषय बाहेरच्या कोणाकडे वर्ष-दोन वर्षं सलग शिकलेले असावेत ते यासाठीही. एसएटी, म्हणजे तिकडच्या कॉलेजप्रवेशाची चाचणी, आता संगणकावर, २ तास १४ मिनिटांची, १६०० गुणांची. सोबत एनआयओएसची किंवा केंब्रिजची मार्कशीट असली तर घरच्या ग्रेडना आधार मिळतो.

निकाल लागला की मार्कशीटबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र येतं. एनआयओएसमध्ये मायग्रेशन आणि ट्रान्सफर एकाच कागदावर असतात. प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून सवयीने ‘एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणा’ म्हणतो. तेव्हा वाद न घालता या कागदाच्या शीर्षकावर बोट ठेवायचं आणि तरीही अडलं तर प्रवेश समितीच्या प्राध्यापकांना भेटायचं. हा मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं, सहजी परत देत नाही. म्हणून देण्याआधी रंगीत स्कॅन, सहा साक्षांकित प्रती, आणि मूळ दिल्याची सही-शिक्क्याची पोच. एका फेरीत मिळालेली जागा सोडून दुसऱ्या फेरीत चांगलं कॉलेज लागलं तर तोच मूळ कागद परत मिळवावा लागतो, आणि पोच नसेल तर पहिल्या कॉलेजच्या कार्यालयात तुमचं म्हणणं ऐकून घेणारं कोणी नसतं.